धर्मबापाचा दाखला

प्रेरणाचा पांढरा फ्रॉक शिवून आला होता, मेणबत्त्या आल्या होत्या, नौबादचा आचारी ठरला होता, आणि सोमवारी सकाळी फादरांनी गुंडप्पाकडे त्याच्या स्वतःच्या बाप्तिस्म्याचा दाखला मागितला.

गुंडप्पा घंटेचा दोर हातात धरून उभा होता.

"कुणाचा?"

"तुमचा."

"माझा कामून? पाणी पोरीच्या डोस्क्यावर पडणार हाय न्हवं?"

फादर मंगळूरकडचे, वयानं कोवळे. मराठी पुस्तकावरून शिकलेले, त्यामुळे आम्हा कोसमवाडीकरांपेक्षा शुद्ध बोलत. ते म्हणाले, "नातीचा धर्मबाप होणार आहात ना तुम्ही? धर्मबापाचा स्वतःचा बाप्तिस्मा आणि दृढीकरण झालेलं असावं लागतं. रविवारी बिशप येताहेत. ते कागद पाहतात."

"फादर, ही घंटा मी चाळीस वर्सं वाजवायलोय."

"घंटा वाजवायला दाखला लागत नाही," फादर शांतपणे म्हणाले.

कोसमवाडी मन्नाएखेळ्ळीच्या मोठ्या रस्त्यापासून चार किलोमीटर आत आहे. बावीस घरं चर्चची, बाकीची इतरांची; पण जेवणाच्या दिवशी हा फरक कुणी करत नाही. आमच्या गावात खरं बोलणारी माणसं नाहीत असं नाही. फक्त त्यांच्याकडे कुणी बसायला जात नाही. गुंडप्पाकडे सगळे बसायला जात. वय सहासष्ट, मिशा दोन्ही गालांवर चढवलेल्या, आणि डाव्या नाकपुडीला एक बारीकसं भोक. या भोकाच्या त्याच्याकडे तीन गोष्टी होत्या. एका गोष्टीत बैलाचं शिंग होतं, दुसरीत अस्वलाचं नख, आणि तिसरीत हुमनाबादच्या कुस्तीत हरलेल्या पैलवानाचा दात. ऐकणाऱ्याचं वय बघून तो गोष्ट निवडायचा.

प्रेरणा नऊ वर्षांची झाली तरी तिचा बाप्तिस्मा राहिला होता, तोही गुंडप्पामुळेच. नातीचा बाप्तिस्मा लहानसहान करायचा नाही असा त्याचा हट्ट. एका वर्षी बिशपांना वेळ नव्हता, एका वर्षी आचाऱ्याचा पाय मोडला, मग दोन वर्षं रोगराईत गेली. असं करता करता पोरगी शाळेत पाढे म्हणायला लागली. मग फादरांनी सांगितलं, की आता मूल जाणतं झालं, तेव्हा आधी शिकवणीला बसायचं आणि मग डोक्यावर पाणी, कपाळावर दृढीकरणाचं तेल आणि जिभेवर ख्रिस्तप्रसाद हे तिन्ही संस्कार एकाच मिस्सात, म्हणजे एकाच उपासनेत, घ्यायचे. अशी सात पोरं जमली. "तीन कामं एका फेरीत. हेच माझ्या मनात व्हतं," असं गुंडप्पानं लगेच गावभर सांगितलं.

प्रेरणाची मात्र एक अट होती. पोरगी घरात तुरूतुरू बोलायची, पण चार माणसांसमोर तिचा आवाज आतच राहायचा. बाप्तिस्म्याच्या वेळी बिशप प्रश्न विचारणार आणि सगळ्या चर्चसमोर मोठ्यानं उत्तर द्यायचं, या एका गोष्टीनं तिची झोप उडाली होती. "अज्जा, तू मागं हुभा ऱ्हा. खांद्यावर हात ठेव. मंग मी बोलते," ती म्हणाली होती. अज्जानं बायबलवर हात ठेवून कबूल केलं होतं. त्याच्या आयुष्यातलं हे पहिलं विधान, ज्यात त्यानं काही वाढवलं नव्हतं.

दाखला शोधायला फादरांनी जुनी लोखंडी पेटी उघडली. गुंडप्पा शेजारी खुर्चीवर बसून माहिती पुरवत होता.

"माझं बाप्तिस्म्याचं नाव फ्रान्सिस. पूर आल्याल्या वड्यात उभं ऱ्हाऊन दिलावता मला बाप्तिस्मा. फादर गळ्याइतक्या पाण्यात, मी त्येंच्या डोस्क्यावर."

"मागच्या महिन्यात तुम्ही म्हणालात, दुष्काळ होता आणि पाणी बिदरहून आणलं."

"ते दृढीकरणाला."

फादरांनी घरवार नोंदींचं बाप्तिस्म्याचं जुनं पुस्तक चाळलं. गुंडप्पाचे वडील दानप्पा आणि आई मरियव्वा यांची नावं सापडली. त्यांची चार मुलं सापडली. पहिले तीन मुलगे. तिघांच्याही नावापुढे वर्षाच्या आतली मृत्यूची नोंद. चौथी मुलगी, तेरेझा. पुढे काही नाही.

"तुम्हाला बहीण होती?"

"न्हाई बा. मी येकटाच. आसंल येकादी, गेली आसंल मी व्हायच्या आदी."

"पण इथं फ्रान्सिस नाही, गुंडप्पा नाही." फादरांनी चष्मा काढून पुसला. वाईट बातमी सांगायची असली की ते चष्मा पुसत. "तुमचा बाप्तिस्मा झालेला दिसत नाही."

गुंडप्पा घरी आला तेव्हा इंदिराबाई ज्वारीच्या भाकरी थापत होती. त्यानं सगळं सांगितलं. तिचा हात परातीतच थांबला.

"म्हंजे तुम्ही किरिस्तावच न्हाई?"

"पुस्तकाप्रमानं न्हाई."

"मंग आपलं लगीन चर्चमधी कसं लागलं?"

गुंडप्पानं इतका पुढचा विचार केला नव्हता. इंदिराबाईनं केला. हात झटकून ती उठली आणि थेट फादरांकडे गेली. फादर पुन्हा चष्मा पुसायला लागले. बाप्तिस्मा न झालेल्याशी लग्न लावायचं तर आधी बिशपांची परवानगी लागते, आणि ती घेतल्याची नोंद नाही, त्यामुळे ते लग्न... आता कसं सांगू... पण काळजी नको, दुरुस्त करता येईल.

"घाई करू नका," इंदिराबाई म्हणाली. "चाळीस वर्सं फुकट भाकरी थापल्या. मला जरा इचार करू द्या."

त्या दिवसापासून तिनं गुंडप्पाला ताट वाढताना "घ्या पाव्हणं" म्हणायला सुरुवात केली. शेजारच्या अंजूच्या पोरीची ती धर्मआई होणार होती. तिच्या कागदपत्रात काही खोट नव्हती. हे ती दिवसातून दोनदा सांगे.

फादरांनी मार्ग काढला. गुंडप्पानं रविवारी पोरांच्याच रांगेत उभं राहायचं आणि तिन्ही संस्कार एकदम घ्यायचे. इतक्या वर्षांच्या माणसाला शिकवणी पुष्कळ लागते, पण चाळीस वर्षांची हजेरी धरून तीन दिवसांत भागवू. एकच अडचण होती. जो स्वतः रांगेत उभा आहे, तो त्याच रांगेतल्या दुसऱ्याचा धर्मबाप होऊ शकत नाही.

"मंग प्रेरणाच्या मागं कोन?"

"तुमच्या मुलानं अफजलपूरला फोन केला आहे," फादर म्हणाले.

अफजलपूर ऐकताच गुंडप्पाच्या मिशा खाली आल्या. अफजलपूरला त्याचे व्याही रायप्पा राहत. भीमेच्या काठी ऊस, घरात चार पिढ्यांचे बाप्तिस्म्याचे दाखले काचेच्या चौकटीत लावलेले. गेल्या बारा वर्षांत गुंडप्पानं रायप्पांना एकही गोष्ट पूर्ण सांगू दिली नव्हती. रायप्पा बुधवारीच बसनं आले, गुळाची ढेप आणि स्वतःचा दाखला घेऊन. तो त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घातला होता, पावसाचं चिन्ह नसताना.

"कसं काय व्याही," ते गुंडप्पाला म्हणाले, "ऐकलं ते खरं का?"

"तुमी ऐकलं तेवढं खरं. राहिल्यालं मी सांगतो," गुंडप्पा म्हणाला. "माज्या तोंडाला देवानं मिशा लावल्या, आन् मंग त्येला वाटलं, झालं काम. आत काई ठिवायचं राहून गेलं."

"जाऊ द्या. पोरीचा धर्मबाप मी व्हायलोच हाय. तुमाला बी एक लागंल न्हवं रांगेत? तुमचा बी बाप मीच व्हतो."

गुंडप्पानं गूळ घेतला आणि काही बोलला नाही. गावानं ही गोष्ट लक्षात ठेवली, कारण तो कधी गप्प बसल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

गुरुवारी तो शिकवणीला बसला. पोरांच्या चटईवर मांडी घालताना त्याचे गुडघे वाजले आणि सातही पोरं हसली. फादरांनी विचारलं, संस्कार किती?

"आट," गुंडप्पा म्हणाला.

"सात, अज्जा," प्रेरणा कुजबुजली.

"बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, पापनिवेदन, रोग्याला तेल, फादर व्हनं, लगीन. झाले सात. आन् मंग जेवन."

त्यात आणखी असं उघडकीला आलं, की पोरांची अर्धी उत्तरं चुकत होती ती गुंडप्पामुळेच. नोहाच्या तारवात एक बैल हल्लीखेडचा होता असं तीन पोरांनी लिहिलं होतं. फादरांनी कुठं वाचलंत म्हणून विचारलं, तेव्हा तिघांनी एकदम गुंडप्पाकडे बोट दाखवलं.

पण शुक्रवारी खरी पंचाईत झाली. रायप्पांना मागं उभं करून फादरांनी सराव घेतला. रायप्पांनी प्रेरणाच्या खांद्यावर हात ठेवला. फादरांनी विचारलं, "तू सैतानाचा त्याग करतेस का?" प्रेरणानं खाली बघितलं. पुन्हा विचारलं. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती रडत पळाली आणि घरी जाऊन फ्रॉक घडी घालून ट्रंकेत ठेवला.

"मला न्हाई घ्यायचा बाप्तिस्मा," ती अज्जाला म्हणाली. "तू हात ठेवतो म्हनलावतास. बायबलवर."

गुंडप्पानं आयुष्यात अस्वलाची, पैलवानाची, पुराची कितीतरी उत्तरं देऊन वेळ निभावली होती. या पोरीला द्यायला त्याच्याकडे एकही नव्हतं. तो उंबऱ्यावर बसला. मग इंदिराबाईला म्हणाला, "नागूआत्या आजून हाय न्हवं?"

"हाय की. मन्नाएखेळ्ळीला. नव्वदीची झाली."

"माजा बाप्तिस्मा झालाय का न्हाई, तिनं बगितलं आसंल."

शनिवारी सकाळी दोघं टमटमनं गेले. नागूबाई, दानप्पाची धाकटी बहीण, ओट्यावर ऊन खात बसली होती. दात एकही उरला नव्हता, पण डोकं आमच्या सगळ्यांपेक्षा लख्ख. गुंडप्पानं सगळं सांगितलं. पुस्तकात तीन मेलेले भाऊ आणि एक तेरेझा नावाची बहीण, आणि आपलं नाव नाही, हेही सांगितलं.

म्हातारी हसायला लागली. ती हसत राहिली, पाणी प्याली, आणि पुन्हा हसली.

"आरं, तेरेझा तूच की."

इंदिराबाई पुढं सरकली. "कसं काय आत्या?"

"तीन पोरं गेली वैनीची, वरसाच्या आत. चवथा हा. मंग वैनीनं ठरीवलं, पोरगा हाय म्हनून कुनाला सांगायचंच न्हाई. नाक टोचलं, परकर घातला. मरन आलं तर बगंल, पोरगी हाय म्हनंल, जाईल. सगळेच करायचे तवा."

"पर आत्या, फादरला तर खरं सांगायचं," गुंडप्पा म्हणाला. त्याचा हात आपोआप नाकाच्या भोकाकडे गेला होता.

"मी बी तेच म्हनलं. वैनी म्हनली, मरन काय येडं हाय? ते दारात बगून जाईल, आन् मंग चर्चमधी जाऊन पुस्तक बगंल. पुस्तकात पोरगा लिवल्याला घावला म्हंजे? तवा पुस्तकात बी पोरगीच पायजे. बाप्तिस्मा तेरेझा. आन् तू सात वरसाचा झालास तरी तिला धीर व्हईना. बिशप आले, तवा तुझ्या दोन येन्या घातल्या, आबोली माळली, आन् दृढीकरन बी करून घेतलं. लै ग्वाड दिसत व्हतास. मंग शाळंत घालायच्या दिशी परकर काडला."

"आन् मला कुनी सांगितलं कामून न्हाई?"

"वैनीनं आन घातलीवती सगळ्यास्नी. आन् तुला आटवत न्हाई म्हनतोस? सात वरसाचा व्हतास की."

गुंडप्पानं नाकावरचा हात झटकन खाली घेतला. इंदिराबाईनं त्याच्याकडे नीट बघितलं आणि तिच्या लक्षात आलं. बैलाचं शिंग, अस्वलाचं नख आणि पैलवानाचा दात कशासाठी जन्माला आले होते, ते तिला त्या ओट्यावर कळलं.

येताना टमटममध्ये ती तोंडाला पदर लावून हसत होती. टमटमवाल्यानं दोनदा वळून बघितलं.

"हास, हास," गुंडप्पा म्हणाला. "पर येक बग. लगीन खरं ठरलं."

ती एकदम हसायची थांबली. "आरं देवा," ती म्हणाली.

आता गुंडप्पापुढे दोनच वाटा होत्या. गप्प बसून रविवारी रांगेत उभं राहिलं, तर गावाला काही कळणार नव्हतं. पण एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा घेता येत नाही, हे गुरुवारच्या शिकवणीत त्यानं नेमकं ऐकलं होतं. आणि रांगेत उभं राहून प्रेरणाच्या खांद्यावर हात ठेवता येणार नव्हता. दुसरी वाट होती फादरांना सगळं सांगायची. चर्चपाशी टमटम थांबल्यावर तो खाली उतरला, मिशा खाली ओढल्या आणि आत गेला.

फादरांनी ऐकलं. दृढीकरणाचं पुस्तक काढलं. तेरेझा, वडील दानप्पा, वय सात. बिशपांची सही.

"म्हणजे तुमचं सगळं झालेलं आहे," ते म्हणाले. "फक्त नाव आणि... बाकीचं दुरुस्त करावं लागेल. त्याला बिशपांची सही लागते. उद्या मिस्सा झाल्यावर घेऊ."

"मिस्सा झाल्यावर? पोरीच्या मागं तर मिस्सात हुभं ऱ्हायचं हाय."

"शिवाय तिथं रायप्पा आहेत. त्यांना मी आता काढू शकत नाही. आणि दोन धर्मबाप चालत नाहीत. फार तर एक धर्मबाप आणि एक धर्मआई."

दुसऱ्या खोलीत रायप्पा उद्यासाठी फेटा बांधून बघत होते, आरशात, तिसऱ्यांदा. फादरांनी उघडं पुस्तक आपल्याकडे वळवलं, चष्मा पुसला, आणि या वेळी तो पुसताना त्यांच्या चेहऱ्यावर वाईट बातमी नव्हती.

"गुंडप्पा, बिशपांची सही होईपर्यंत मी पुस्तकाप्रमाणेच चालू शकतो," ते म्हणाले. "आणि पुस्तकाप्रमाणे तुम्ही तेरेझा आहात."

रविवारी चर्च भरलं. चर्चची बावीस घरं आणि जेवणाची दीडशे माणसं. सात पोरं पांढऱ्या कपड्यांत रांगेत. प्रेरणाही होती, इंदिराबाईनं तिच्या कानात काय सांगितलं कोण जाणे, पण ट्रंकेतला फ्रॉक बाहेर आला होता. फादरांनी यादी वाचायला घेतली. "प्रेरणा. धर्मबाप रायप्पा." रायप्पा फेट्यासकट पुढं झाले. "धर्मआई तेरेझा."

सगळ्या बायकांनी इकडेतिकडे बघितलं. तेरेझा नावाची बाई गावात नव्हती. मग घंटेजवळून गुंडप्पा निघाला, धुतलेलं धोतर, पांढरा सदरा, मिशा तशाच, आणि खाली बघत मधल्या वाटेनं चालत आला. त्याला ती वाट एवढी लांब कधी वाटली नव्हती. पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी खोकलं. मग सगळेच खोकले.

बिशपांनी हातातल्या कागदाकडे बघितलं, मग मिशांकडे, मग परत कागदाकडे.

"तेरेझा?"

"व्हय सायब," गुंडप्पा म्हणाला. आवाज फुटत नव्हता; नात कुणावर गेली होती ते तेव्हा कळलं. "माज्या आईची करामत हाय. मरन फसलं तिला. तुमच्या आदीचे बिशप बी फसले. आज तुमी बी जरा फसा."

बिशपांनी फादरांकडे बघितलं. फादर चष्मा पुसत होते. बिशप पाण्याच्या घंगाळाकडे वळले.

एका खांद्यावर रायप्पांचा हात, दुसऱ्यावर अज्जाचा. बिशपांनी विचारलं, "तू सैतानाचा त्याग करतेस का?"

"करते," प्रेरणा म्हणाली. इतक्या मोठ्यानं, की बाहेर मांडवात तांदूळ निवडणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. पुढचे सगळे प्रश्न बिशपांचं बोलणं संपायच्या आत सुटले. पाणी झालं, तेल झालं. ख्रिस्तप्रसाद घेऊन ती वळली तेव्हा गुंडप्पा सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत होता आणि शेजारी रायप्पा फेट्याच्या टोकानं. फेटा सुटला तरी त्यांना कळलं नाही.

मिस्सा आटोपल्यावर फादरांनी आत टेबलावर जुनं पुस्तक उघडून ठेवलं. बिशपांनी खिशातून पेन काढलं.

"तर तेरेझाच्या जागी गुंडप्पा. मुलगी खोडून मुलगा."

"सायब, येक इचारू?" गुंडप्पा म्हणाला. "हे खोडलं, तर पोरीच्या नोंदीत दोन धर्मबाप व्हतील न्हवं?"

"होतील. मग एक नाव खोडावं लागेल. बहुधा तुमचं, कारण ते मागाहून घातलं."

गुंडप्पा पुस्तकावर वाकला. वरच्या तीन नावांपुढं तीन तारखा होत्या, एकाच हाताच्या अक्षरात. चौथ्या नावापुढची जागा कोरी होती.

"मंग ऱ्हाऊ द्या तसंच."

"अहो, पण तुमचं नाव? गाव काय म्हणेल?"

"गाव सकाळपसनंच म्हनायलंय. त्येला आता नवीन काय सांगू." त्यानं पुस्तक हळूच मिटलं. "आन् सायब, सहासष्ट वर्सं झाली, मरनाला आजून म्हायती न्हाई. तुमी कामून उगं कळवायलाव?"

बिशपांनी पेनाला टोपण लावलं.

बाहेर पंगती बसल्या होत्या. पुरुषांच्या पंगतीत गुंडप्पा जागा शोधत गेला, तर सगळे ओळीनं सरकून बसले आणि म्हणाले, "जागा न्हाई." समोर बायकांच्या पंगतीत इंदिराबाई बसली होती. तिनं आपल्या शेजारी एक पान मांडून ठेवलं होतं, आणि त्यावर सगळ्यांच्या आधी गोड वाढलं होतं.

गुंडप्पा मुकाट्यानं जाऊन बसला.